दुसरी स्टेपनी

डुक्कर फियाटची डिकी म्हणजे केवढी?
एक स्टेपनी, जॅक, पाना,
पाण्याचा कॅन, फॅनबेल्ट, जुनी कॉइल,
आणि खाजाभाईने ‘असू दे की’ म्हणून कोंबलेली
ट्यूबची गुंडाळी. संपली डिकी.

दुसरी स्टेपनी मागच्या सीटवर.
तिला चादरीच्या तुकड्याची खोळ, मीच शिवलेली,
मोरांची वीण, एका मोराचं डोकं शिवणीत गेलेलं.
लेक लहान होती तेव्हा तिच्याशेजारी बसायची.
वळणावर चाक अंगावर कलायचं,
ती त्याला कोपर मारायची
पाठच्या भावाला मारावं तसं.

माझी पिशवी मांडीवर.
एकतीस वर्षं मांडीवर.
तुळजापूर, गाणगापूर, विजापूर,
नणंदेची तीन बाळंतपणं.
बंदाचा वळ हळूहळू
माझ्या हाताचाच होऊन गेला.

अशोक चौकातल्या बायका विचारायच्या,
‘स्टेपनीला सीट आणि बायकोला ओझं?’
आणि पदरात तोंड घालून हसायच्या.
मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं.

ह्या वेळी जहीराबादला, लेकीकडे, बारशाला.
कॅरिअरवर चादरींचे दोन गठ्ठे,
सुटा केलेला लाकडी पाळणा,
पायाशी शेंगाचटणीचा डबा
आणि फडक्यात चाळीस कडक भाकरी.
मी म्हटलं, एक चाक ठेवा की घरी,
कशाला न्यायलालात, रस्ता आता चौपदरी झालाय,
पावलापावलावर पंक्चरवाला.
हे म्हणाले, ‘उंडनी.’
हे तेलुगूत बोलले की आमच्यात विषय संपतो.

नळदुर्गच्या अलीकडे पहिलं चाक बसलं.
ह्यांनी बदललं, शर्ट काढून, बनियनवर,
जणू एवढ्याचसाठी निघालो होतो.

येणेगूरच्या पुढे दुसरं.

खोळ मी स्वतः काढली.
म्हटलं, चला, एकतीस वर्षांचं भाडं
आज एकदाचं वसूल.
चाक उभं केलं, ढकलत आणलं, टेकवलं,
भोकं जुळेनात.
एक जुळलं की दुसरं हुकायचं.
मी वाकून वाकून बघत होते
आणि हे बघतही नव्हते,
कडेला उभे, पाना हातात,
शाळेत पकडलेल्या पोरासारखे.

‘भूमय्याच्या लँडमास्टरचं आहे,’ म्हणाले.

भूमय्या. चार मागांतला भागीदार.
माग विकून सुरतेला गेला त्या साली
गाडी भंगारात किलोवर गेली,
हे एक चाक तेवढं आमच्या अंगणात टेकवून
म्हणाला होता म्हणे, राहू दे, आलो की नेतो.
आला नाही.
पत्र आलं एक. त्यात सुरतेच्या पाण्याविषयी होतं,
चाकाचं काहीच नव्हतं.

‘तुम्हाला माहीत होतं, बसत नाही ते?’
‘हो की.’
‘सगळी वर्षं?’
ह्यांनी पाना फडक्याने पुसला.
मग उलटा करून पुन्हा पुसला.

बसलेली दोन्ही चाकं एका टेम्पोवाल्याने उमरग्याला नेली.
तोवर बाभळीखाली
भूमय्याचं चाक आडवं टाकून मी त्यावर बसले.
बसायला चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.
ऊन असं की डब्यातल्या चटणीचं तेल
आपोआप वर आलेलं.
भाकरी मोडली, अर्धी ह्यांना दिली.
हे उभ्यानेच खात होते, रस्त्याकडे बघत,
सुरतेकडून येणारा रस्ता काही तो नव्हता.
मी थोडी सरकले.
आडवं टाकलं तर एका चाकावर
दोन माणसं बसतात, जरा अवघडून.

आठ दिवसांनी परत. विजापूर वेशीत
खाजाभाईने चारी चाकांत हवा भरली,
डिकीतल्या पाचव्यात भरली,
नळी गुंडाळायला लागला.
मी काच खाली केली.
मागच्यातही भर म्हटलं.
‘भाभी, वो तो लगताच नै इसको.’
म्हणजे ह्यालाही ठाऊक.

‘माहीत आहे,’ म्हटलं. ‘तीस भर.’