पिवळी, पांढरी, लाल

पिवळी चित्राची,
पांढरी डाव्या कानाची, लाल उजव्या.
झोपेतून उठवलंत तरी सांगेन.
रुवीत अकरा वर्षं हेच विकलं मी.
आता घुब्र्यातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये
टीव्हीच्या पाठीमागे उकिडवा बसलोय,
तीन वायरी मुठीत,
आणि या टीव्हीला तीन भोकंच नाहीत.
एक चपटं तोंड आहे फक्त,
ओठ मिटून बसलेल्या माणसासारखं.

मुलगा म्हणाला, बाबा, टाका ते खोकं.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
या वयात ते जमतं.

हमरियाच्या वळणावर शशिधरनचं दुकान अजून आहे.
त्याने काउंटरखालून काडेपेटीएवढी डबी काढली :
इकडून जुनं घालायचं, तिकडून नवं निघतं.
तिलाही वेगळी वीज लागते, मोबाइलच्या चार्जरची.
साडेतीन रियाल सांगितले, तीन घेतले.
व्हीसीआर चालतो अजून? त्याने विचारलं.
म्हटलं, तू चालतोस, मी चालतो.

आधी निळा पडदा. सिग्नल नाही.
मग चित्र, पण करडं.
डबीच्या बाजूला नखाएवढं बटण होतं, ते सरकवलं,
आणि रंग आले,
घरमालक अचानक दारात यावा तसे.

एकोणीसशे नव्वद. हमरियाची खोली. नऊ जण.
दोन रियाल भाड्याचा कॅमेरा, एका संध्याकाळपुरता.
गावी पाठवायची कॅसेट.
पण सगळे आडवे पसरलेले!
हनीफ मुकादमचे गाल बघा,
डाळ-खबूस खाऊन कुणाचे होतात असे?
काशिनाथ आंब्रे तर फ्रीजएवढा रुंद,
आणि तो फ्रीजही शेजारच्या खोलीतून
ओढत आणलेला.

रिमोट घेतला, चित्र चौकोनात आणलं.
दोन्हीकडे काळ्या पट्ट्या, मध्ये आम्ही, पूर्वीसारखे बारीक.
आणखी एक खूण होती तिथे, "पूर्ण चित्र".
तीही दाबली.

जुना टीव्ही चारी बाजूंनी
बोटभर चित्र आपल्यातच ठेवून घ्यायचा.
गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.
हा काही ठेवून घेत नाही.
खाली फाटक्या रेघांची झालर,
आणि उजव्या कडेला, चादरीच्या टोकावर,
चार बोटं.

फुलाफुलांची चादर. तिच्यामागे दुमजली खाटा,
दोरीवरचे बनियन, स्टोव्ह, पाण्याचे कॅन.
खिळा ठोकायला भिंत तयार नव्हती.
सगुण परब म्हणाला,
"मी धरतंय, तुमी रवा हुबे."

वीस मिनिटं धरली त्याने.
आम्ही पाळीपाळीने पुढे आलो,
तब्येत चांगली आहे, एसी आहे, काळजी करू नका.
आचऱ्याला त्याच्या बायकोने दोनदा बघितली कॅसेट,
मग पत्र टाकलं,
आमचे हे खंय दिसनत नाय ते?
मीच लिहिलं उत्तर, त्याच्या सांगण्यावरून :
ड्युटीवर होता.

पुढे तो सलालाला गेला, तिथून सूरला,
मग एक पत्ता परत आला.

तर्जनीचं नख काळं आहे, हातोडी लागलेलं.
मधेच एकदा बोटं निसटतात, चादर लोंबते,
खाटेचा एक पाय दिसतो,
बोटं परत घट्ट होतात.
आवाजात हनीफचं हसू, आणि त्याच्यामागे, अगदी हळू,
"आटपा रे."

हे लाल वायरीतून आलं.
लाल काढून बघितली, येत नाही.

सुनेने जेवायला हाक मारली.
मी पॉज दाबलं.
नव्या यंत्रात पॉज म्हणजे फोटो.
या जुन्यात काही पूर्ण थांबत नाही,
टेप जागच्या जागी घासत राहते
आणि बोटं थरथरतात.
अशी पाच मिनिटं ठेवली तर टेप झिजते,
हेही मला पाठ आहे.

आलो म्हणालो.