कोरडी दोरी

स्कार्वोयाच्या धक्क्यावर माझा पेट्रोलपंप आहे.
एकच पंप, एकच नळी, आणि काउंटरमागं खिळ्याला
लाल दोऱ्यांचा झुपका,
जुन्या टेलिफोनच्या वायरीसारख्या पिळाच्या.
एका टोकाला आकडा, दुसऱ्याला प्लास्टिकची चिमटी.
चिमटी इंजिनाच्या बटणाखाली बसते,
आकडा माणसाच्या मांडीशी.
माणूस गेला की चिमटी सुटते,
चिमटी सुटली की इंजिन थांबतं.
एवढंच. यात न समजण्यासारखं काही नाही.

आमच्याकडं याला म्हणतात मेलेल्या माणसाचं बटण.
नाव ठेवणाऱ्याला फार घाई झाली असावी.
माणूस अजून पाण्यात हातपाय मारत असतो,
तेव्हाचं बटण आहे ते.

टारल्डला पोहता येत होतं.
आधीच सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात.
पोहता येत होतं, लाइफ जॅकेट अंगात होतं,
दारूचा थेंब नव्हता,
समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत.
जूनमधले रात्रीचे अकरा,
म्हणजे आमच्याकडं लख्ख उजेड.
बोट बोयावरून धक्क्याला आणायची होती.
दोन मिनिटांचं काम.
मी मॅकरेल साफ करत होते, तो म्हणाला,
कॉफीचं आधण ठेव, आलोच.

फेरीबोट केव्हाच निघून गेली होती,
तिची एक लाट तेवढी मागं रेंगाळली होती.
टारल्ड दोर उचलायला वाकला होता.

रिकामी बोट सरळ जात नाही.
हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं,
जन्म किनाऱ्यावर गेला तरी.
चाकावरचा हात सुटला की ती एका अंगाला वळते,
वळतच राहते,
आणि ज्याला टाकून गेली त्याच्याकडं परत येते.
प्रदक्षिणा म्हणावी तर तिला देव नाही.
घाण्याचा बैल म्हणावा
तर बैल कधीतरी दमतो.

पहिल्या फेरीला त्यानं हात वर केला,
कुणाला बोलवावं तसा.
दुसऱ्या फेरीला तो बुडी मारू बघत होता
आणि जॅकेट त्याला बुडू देईना.
तिसरी मी सांगत नाही.

टाकीत चाळीस लिटर होतं.
मीच भरलं होतं, दुपारी, याच नळीनं.
पाचच भरलं असतं तर, हा हिशेब
मी पुष्कळ वर्षं केला.
लोक बोटी घेऊन कडेला उभे,
जवळ जायची कुणाची छाती होईना.
इंजिन आपोआप बंद पडलं तेव्हा एक वाजून गेला होता.
आधण आटून भांडं जळालं होतं.

दोरी सापडली.
थ्रॉटलच्या दांड्याला नीट गुंडाळून अडकवलेली.
त्याची सवयच तशी, वस्तू जागच्या जागी.
बोटीत सगळं भिजलं होतं,
ती तेवढी कोरडी.

तेव्हापासून दोरी बांधल्याशिवाय मी नळी देत नाही.
म्हणू देत, बोरघिल्ड म्हातारी सटकली.
पेट्रोल दुसरीकडं घ्यायचं तर दोन तास जातात,
तेव्हा बांधतात मुकाट्यानं, मी बघेपर्यंत तरी.

काल आस्लाक आला, सतरा वर्षांचा,
नव्या बोटीसारखाच चकचकीत.
म्हणाला, आजी, वैताग आहे हो ही दोरी,
उठलं की ओढते, इंजिन बंद पडतं,
पोरी हसतात.
म्हटलं, माणसाला गुरासारखं दावं लावलंय असं वाटतं ना तुला?
वेसण त्या इंजिनाला आहे, बाबा. तुझ्या हातात फक्त टोक.
त्याला काही ते पटलं नाही.
बांधली मात्र.

मग गेला धूमधडाक्यात,
आणि बंदराच्या तोंडाशी फेंडर आत घ्यायला उठला,
विसरून.
फट्.
बोट जागच्या जागी डुलायला लागली.
धक्क्यावरची पोरं टाळ्या पिटून हसली,
त्यानं लाजून माझ्याकडं पाहिलं.

मी हसले नाही.
मी ऐकत होते.
इंजिन थांबल्यावर पाण्याचा जो आवाज येतो, तो,
आणि एक समुद्रपक्षी, आणि
चिमटी शोधताना पोरानं घातलेली शिवी.