चिकातला गहू

ओंबी अजून चिकात होती,
नखानं दाबली की दूध.
सुबरावनं विळा लावला.

बांधावरून यशवंता थबकला,
"आरं, खायाचा गहू कापतोस?"
"खायाचाच हाय.
पेरला तवाच म्हाळीच्या नावानं पेरला."

आटपाडीच्या उन्हात तीन गुंठे हिरवे,
विहिरीच्या तळानं जेवढं दिलं तेवढंच.
पेंढी खांद्यावर,
कोवळी कुसळं मानेला गुदगुल्या करतात.

म्हाळी दावं ताणून उभी.
कुट्टी व्हायच्या आधीच
तिनं एक ओंबी ओढून घेतली,
काळ्या ओठांवर पांढरा थेंब.

आत आक्का डबा हलवते,
रेशनचा गहू तळाशी वाजतो.
ती बोलत नाही.

रात्री चरवी झाकताना म्हणते,
"पाटाकडचं एक सरी राहू दे उद्या.
चार ओंब्या भाजू."