तीन बोटं

सावद्याबाहेर, केळीच्या बागेला लागून
शाळेची एक खोली मिळालीय तीन दिवस.
टेबल, मापपट्टी, कापूस गुंडाळलेल्या काड्या,
बर्फाची पेटी, आणि मे महिना.
पेटीतला बर्फ आणि मी
दोघंही दुपारपर्यंतच शाबूत असतो.

मी प्रत्येकाला तेच सांगते :
आपली तीन बोटं, अशी, एकावर एक,
दातांच्या मधे घालून दाखवा.
हातमोज्यातली माझी बोटं हवेत धरते.
कुणी हसतं. कुणी बोटं आधी धोतराला पुसतं.
कुणाची दोनच जातात.
मग पट्टी लावते, आकडा लिहिते,
गालाच्या आतून काडी फिरवते दहा वेळा.
काडीला काय चिकटलं ते दिसत नाही.
माणसं काडीकडे बघतात, मग माझ्याकडे :
एवढंच?

आज जुळे आले.
सुपडू ओंकार झांबरे, उखर्डू ओंकार झांबरे. वय एकसष्ट.
आधीची तीन गेली, म्हणून आईने
एकाला सुपात घातलं, एकाला उकिरड्यावर ठेवलं,
परत उचललं, आणि अशी नावं दिली
की मरणाने नाक मुरडून पुढचं घर गाठावं.
या उपचाराला आमच्या फॉर्मात रकाना नाही.

सुपडूची तीन गेली, चौथंही मावलं असतं.
उखर्डूचं एक गेलं. दुसरं पेरापाशी अडलं.
गालाची आतली कातडी पांढरी, ताठ,
केळीच्या वाळल्या सोपटासारखी.
"भरताच्या मिरचीपासून सुरू झालं," तो अर्ध्या ओठांनी म्हणाला,
"तीन हिवाळे झाले, मी भरताचा नुसता वास घेतो."

सुपडू मधेच :
"एकाच पुडीतली खाल्ली, बाई, बाराव्या वर्षापासून.
अर्धी मले, अर्धी त्याले. चुनाबी मीच लावे.
मंग ह्याचंच काबर मिटलं?"

तेच शोधतोय, मी म्हटलं.
तुमच्या काड्या उणे ऐंशीच्या फ्रीजरात शेजारी शेजारी राहतील.
अक्षरं तुमची सारखीच निघतील बहुतेक, ओळीला ओळ.
पण कुठली ओळ वाचायची, कुठली झाकून ठेवायची,
हे शरीर जन्मभर ठरवत राहतं, आणि ते
इथे मी थांबले. सुपडू खिडकीबाहेर बघत होता.

बाहेर टिश्यूची बाग.
बाटलीत वाढलेली, एका कंदाची पाच हजार लेकरं,
एकच ठिबक, एकच खत.
"तिसऱ्या ओळीतलं सातवं झाड पाहा. त्याले करपा.
शेजारच्याले काहीच नही.
कंपनीच्या सायबाले विचारलं, तं तो बी म्हने,
शोधतोय."

उखर्डू हसला असावा.
डोळ्यांच्या कडा तेवढ्या हलल्या.

संमतीपत्रावर दोन अंगठे उठले.
शाई वाळेपर्यंत मी बघत राहिले :
एकाचा भोवरा, दुसऱ्याचा नुसता कमानीसारखा वळसा.
म्हणजे पोटातच कुठेतरी वाटा फुटल्या होत्या,
सुपाच्या आधी, उकिरड्याच्या आधी.

चिठ्ठी दिली : सोमवार, जळगाव सिव्हिल, तुकडा काढायचाय.
सुपडूने ती भावासाठी खिशात ठेवली,
ज्या खिशात पुडी होती त्याच.
दाराशी पुडी बाहेर आली, भावाकडे पाहून आत गेली.
मी वळल्यावर काय झालं, माहीत नाही.

रात्री भुसावळला, खोलीवर, हातमोजा नसतो.
उजवी तर्जनी. नखाच्या कडेला पंचवीस वर्षांची मशेरी,
साबणाला न जुमानणारी.
नववीत दाढ दुखत होती, आईने डबी पुढे केली,
दाढ राहिली, मग पडली. डबी आहे.
चौदावा प्रश्न मी रोज साठ जणांना विचारते.
मला तो कुणी विचारलेला नाही.

आरशासमोर तीन बोटं, एकावर एक.
दोन जातात.
तिसरं नखापाशी थांबतं.
दिवसभर बोलून जबडा आखडला असेल.
कोपऱ्यात पेटी ठिबकतेय.
एक काडी उरलीय,
पाकीट अजून फोडलेलं नाही.