आगंतुक शब्द : एक

गहाणे सर म्हणाले, आधी 'मी' काढ.
प्रत्येक पानावरचा.
'मी विचारलं' नको, 'विचारण्यात आले'.
'मी गेले' नको. तू गेलीच नाहीस, असं समज.
आणि विशेषणं तर मुळीच नकोत.

म्हणून लिहिलं :
'नागभीड तालुक्यातील एका गावात
चाळीस स्त्रियांवर प्रयोग करण्यात आला.'
समाजमंदिराच्या ओट्याची गार फरशी
वगळण्यात आली.
धानाच्या चुरण्याची धूळ सगळ्यांच्या पापण्यांवर होती,
तीही गेली.
मध्येच एकीची बकरी नोंदपत्रिका खाऊन गेली,
तिथे 'एकोणचाळीस' केलं, तळटीप दिली.
सरांनी तळटीप ठेवली. बकरी काढली.

पंधरा शब्द, दोन सेकंदांना एक.
मग विसापासून उलटे आकडे,
मग आठवतील ते सांगा.
निम्म्या जणी दहावी झालेल्या,
निम्म्या चौथीच्या पुढे न गेलेल्या.
शिकलेल्यांना जास्त आठवतील, ही परिकल्पना.
तीही सरांचीच.

क्रमांक सतरा
हात पदराला पुसून बसली,
डोळे मिटून म्हणाली : शारा. इरा. फर.
माझ्या यादीत होतं शाळा, विळा, फळ.
मी तीन फुल्या मारल्या.
मग खोडल्या.
माझी आई अजून शाराच म्हणते,
मीही म्हणायचे, वसतिगृहातल्या पोरी हसेपर्यंत.
(अहवालात : 'बोलीतील उच्चार ग्राह्य धरण्यात आले.'
एवढ्या एका वाक्याला अख्खी संध्याकाळ लागली.)

पूल, घंटा, पाटी,
आणि ठाम आवाजात
सायकल.

सायकल यादीत नव्हती.
मी वर पाहिलं. प्रयोगकर्तीने वर पाहायचं नसतं.
'नोती का जी त्याच्यात?'
नव्हती.
'मंग मीच आनली असन,'
म्हणाली, हसली,
आणि पुढचा शब्द शोधायला पुन्हा डोळे मिटले.

टी-मूल्य एक पूर्णांक एकवीस.
फरक सार्थ नाही. शून्य परिकल्पना टिकली.
सरांनी परत मोजायला लावलं. परत तेच.
टायपिंगवाला लोमेश, पानाला पंधरा रुपये,
'सार्थ नाही'वर येऊन थांबला :
म्हंजे ताई, एवढं करून काही निघालंच नाही?
निघालं ना. फरक नाही, हे निघालं.
मग ते ठळक करू का?
ठळक करायचं नसतं, म्हटलं.
तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला,
मग लाइट गेली.

तक्ता तीन, ओळ सतरा :
बरोबर तेरा. आगंतुक शब्द एक.

चर्चेत मी लिहिलं,
शाळा, पूल, घंटा यांच्या साहचर्याने तो आला असावा.
सरांनी 'असावा'भोवती लाल गोल केला. पुरावा?
पुरावा नाही.
मी विचारलंच नाही, प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.
चौथीनंतरची शाळा नाल्यापलीकडे होती,
हे मला नंतर, नकाशा जोडताना कळलं.
माझी सायकल निळी होती.
आठवीत योजनेतून मिळाली, घंटी पहिल्याच आठवड्यात गळून पडली.
ती कुठे लिहू?
पद्धतीत बसत नाही, निष्कर्षात बसत नाही,
संदर्भसूचीत अकारविल्हे लावू म्हटलं
तर लेखकाचं नाव लागतं.

शेवटी 'मर्यादा' या मथळ्याखाली
एक ओळ टाकली :
'शब्दयादी तयार करताना
सहभागी स्त्रियांना विचारण्यात आले नाही.'
सरांनी वाचली. पेन उचललं.
टोपण लावलं.

पान दोनवर आहे : सर्व नावे गोपनीय.
तेवढं मात्र मी पाळते.
तिचं नाव मला माहीत आहे.
इथेही सांगत नाही.