कडू लागलं का?

हमरियाच्या यार्डात माझं काम एवढंच:
मास्क लावलेल्या माणसावर पारदर्शक टोपडं चढवायचं,
आत कडू फवारा मारायचा
आणि विचारायचं, लागलं का?

लागलं, तर मास्क गळतोय.
नाही लागलं, तर माझी सही.
सही घेऊन माणूस शेडमध्ये जातो,
स्टेनलेसच्या पाइपाला ग्राइंडर लावतो,
आणि उन्हाच्या तिरिपेत भुकटी अशी चमकते
की नवी पोरं तिचे फोटो काढतात.

भुकटीला चव नाही.
सिवानचा रामसूरत एका नाकपुडीत माचिसची काडी घालून
दुसरीतून काढून दाखवायचा,
जेवण झाल्यावर, मेसमध्ये.
आम्ही हसायचो. मीही.

आज मुअज्जम हमदुले, दाभोळचा, इथं तेरा वर्षं.
टोपड्यात मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.
मग मोठ्यानं वाचायचा उतारा. तो इंग्रजीत.
म्हटलं, राहू दे, काहीही बोल, थांबू नको.
तो खाडीतले मासे मोजायला लागला:
बोय, शिंगाळा, तांबोशी, खरबी,
रेणवी
आणि तिथं अडखळला.
घाटी वर गेली, खाली आली.

लागलं का?
नाय.
डोळ्यांत पाणी.
नाय म्हटलं ना. लिव पास.

दाढी बापासारखी, मधोमध पांढरी.
तिच्यातून वारा जातो, भुकटीही जाते.
ती काढ, असं मी म्हणणार नव्हतो.
पंख्याचे हूड आहेत स्टोअरात, सात.
दाढीवर चालतात, गालाला चिकटावं लागत नाही.
पाहुणे साहेब आले की बाहेर निघतात,
ते गेले की पुसून कुलपात.

नापास लिहिलं.
शेऱ्यात: हूड द्या, तोवर शेडमध्ये नको.
म्हणजे ओव्हरटाइम बंद. त्याच्या पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष,
हे मला ठाऊक होतं लिहिताना.

चार दिवस मेसमध्ये तो माझ्या टेबलावर बसला नाही.
फोरमन म्हणाला, तुझी सही इतकी महाग कधीपासून?
रात्री बाटली तपासायची म्हणून
एक फवारा स्वतःच्या जिभेवर मारला.
औषध ठीक होतं.

पाचव्या दिवशी हूड नंबर तीन बाहेर आलं.
एकच.
कमरेला पंखा बांधून मुअज्जम समोरून गेला,
काचेआडून काहीतरी बोलला.
घरघरीत ऐकू आलं नाही.
शिवी असावी.

रांगेत अजून एकोणीस. नऊ दाढीवाले.
मी टोपडं पुसलं.