बिल्ला

सव्वीस फेब्रुवारी. फरवानियाच्या इस्पितळात
आज निम्मी लॅब सुट्टीवर.
उरलेली निम्मी म्हणजे आम्ही:
मी, कोल्लमचा थंपी आणि हिंद.

हो, हिंदच. अरबीत मुलीचं नाव असतं हे.
पहिल्या दिवशी तिनं हात पुढे केला, म्हणाली, "हिंद,"
आणि माझ्या तोंडून "जय" निसटता निसटता राहिलं.

काल रात्री गल्फ रोडवर लेकीनं माझ्या पाठीत
अख्खी पिचकारी रिकामी केली. तिच्या गालांवर चार रंग.
एका अनोळखी गाडीतून कुणी तिला चॉकलेट दिलं,
दुसऱ्या गाडीतून कुणी मला फुगा मारला,
पाण्याचा, नेमका कानाखाली.
ओली ओढणी पिळत मी हसत होते. खोटं नव्हतं ते हसू.
"आई, हे मुक्त झाले एक्क्याण्णवला. आपण कधी?"
मी म्हटलं, पंधरा ऑगस्ट.
मग म्हटलं, म्हणजे बाकीचे. आपण उदगीरचे,
आपण सतरा सप्टेंबर. तेरा महिने उशिरा.
"उशिरा का?"
तेवढ्यात सिग्नल सुटला.

सतरा सप्टेंबरला प्रभातफेरी आमच्याच गल्लीतून जायची
आणि शाहेदा खालाचं दार दिवसभर बंद.
तिचा थोरला भाऊ त्या सालच्या त्याच आठवड्यात
बिदरच्या वाटेनं बैलजोडी आणायला गेला होता.
घरात एवढंच सांगायचे.
पुढचं वाक्य कुणाकडेच नव्हतं, किंवा सगळ्यांकडे होतं.
दुसऱ्या दिवशी भिंतीवरून तीच हाक मारायची,
"कल का मेरा लड्डू किधर है गे?"
आई वाटीखाली झाकलेला लाडू काढून द्यायची.

आजोबांना मानपत्र होतं. तहसीलदार स्वतः
त्यांच्या कोटाला बिल्ला लावायचे.
परतताना पिठाच्या गिरणीपाशी आजोबा थांबत,
बिल्ला काढत, खिशात टाकत,
आणि मगच गल्लीत शिरत.
का, ते मी कधी विचारलं नाही.
पेन्शन मात्र ते दर महिन्याला दोनदा मोजून घ्यायचे.

आज सकाळी गेटवर सगळ्यांना बिल्ले वाटले,
बॅटरीचे, लुकलुकणारे.
मी माझा लिफ्टमध्येच काढला. हिंदसाठी.
हिंद इथलीच, सालमियात जन्मलेली.
ती बारा वर्षांची होती तेव्हा, मुक्तीच्याच उन्हाळ्यात,
बापाची नोकरी गेली
आणि सात माणसं एका गाडीत बसून अम्मानला गेली.
मग नवऱ्याच्या व्हिसावर परत. पासपोर्ट जॉर्डनचा.
जिथली म्हणून ती ओळखली जाते
तिथं तिनं पाऊल ठेवलेलं नाही.

दार ढकललं, तर तिच्या कोटावर
माझ्याहून मोठा बिल्ला, झगझगीत.
माझं तोंड बघून म्हणाली, "इकामा जूनमध्ये संपतो."
मग ट्यूबवर लेबल चिकटवत, खाली मान घालून,
"आणि शाळेत झेंडा मीच चढवायचे. माझा आवाज मोठा होता."
यातलं कारण कुठलं आणि सबब कुठली,
मी विचारलं नाही. विचारायची नाही हे आमच्या घरातच आहे.

दुपारी काम ओसरलं. तिनं रॅकमध्ये ट्यूबा लावल्या:
हिरव्या टोपणांची ओळ, लाल टोपणांची,
काळ्यांची. मधे पांढरा कापूस.
"कुणाचा, सांग."
इथला म्हणावा तर इथला,
तिचा म्हणावा तर तिचा. रंग तेच, शिवण निराळी.
थंपीनं कापूस उचलला, त्याला हवाच होता.

मग हिंदनं माझ्या खिशाकडे बोट केलं.
पांढऱ्या कापडाआड तो चालूच होता:
लाल, हिरवा, लाल, हिरवा.
मी चाचपून पाहिलं, बंद करायची कळच नाही त्याला.

आजोबांचा पत्र्याचा होता.
खिशात गेला की गप्प बसायचा.